बेचाळिसावं गाणं

शुक्रवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. एकूण गाणी बेचाळीस, हाती आलेली एकेचाळीस, बाकी एक. हजर: मी, माझी बायको नोमी, आणि टेबलावर एक पिवळा पडलेला ताव, ज्यावर माझ्या चौदाव्या वर्षीच्या अक्षरात एकतीस पुस्तकांची यादी आहे.

तो ताव मी वर्षातून एकदाही काढत नाही. त्या दिवशी काढला, कारण मिल्का मावशीकडे जायचं होतं. मिल्का मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय त्र्याऐंशी. एकोणीस वर्षं ती एचएसआर लेआउटमध्ये आपल्या मुलाकडे, बेनीकडे, राहत होती आणि रविवारी पहाटेच्या विमानाने दोघं इस्राएलला कायमची जाणार होती. बेनीची बायको मुलांना घेऊन महिन्याभरापूर्वीच पुढे गेली होती. म्हणजे मावशीचा या घरातला हा शेवटचा शुक्रवार. आणि ते बेचाळिसावं गाणं फक्त शेवटच्या शुक्रवारी म्हणायचं असतं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी यहुदी. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. घाणा केव्हाच गेला. वडील कोकण सोडून बेंगळुरूला सरकारी कारखान्यात लागले, मी त्याच कारखान्याच्या हिशेब विभागात तेवीस वर्षं काढली, आणि आता बसवनगुडीच्या घरी बसून मराठी शिकवतो. शनिवार मात्र, म्हणजे आमचा शब्बाथ, शुक्रवारच्या दिव्यापासून अजून बंद असतो.

आईची एक वही होती. तिच्यात बायकांची गाणी होती: मेंदीची, पाळण्याची, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या मलिद्याची, म्हणजे पोहे-गूळ-खोबऱ्याच्या त्या ताटाभोवती बसून म्हणायची. "बेचाळीस आहेत," आई म्हणायची, "एकही कमी नाही." मला आकड्यांची आवड तिच्याकडून आली असावी. मोसंब्या, फोडलेल्या काजूंचे अर्धे, भिजत घातलेले मनुके, सगळं ती मोजून घ्यायची.

कारखान्याच्या क्वार्टर्समधले शुक्रवार मला वासांच्या क्रमाने आठवतात. सकाळी ओलं खोबरं. दुपारी मनुक्यांचं पाणी, कारण किद्दुशसाठी, पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेसाठी, द्राक्षाची दारू कोण आणणार, आम्ही मनुके भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायचो आणि ते गडद गोड पाणी चांदीच्या पेल्यात ओतायचो. मग शेजारच्या अय्यंगारबाईंकडची कॉफी भाजल्याचा वास आमच्या खिडकीतून आत यायचा आणि आमच्या मनुक्यांवर बसायचा. साडेचारला कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की वडिलांची सायकल. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला की आई रेडिओ बंद करायची. मधल्या ओळीत बंद करायची, गाणं संपायची वाट बघत नसे. मग काचेच्या हंडीत आधी पाणी, वर खोबरेल, त्यात वाती. दिवा लागला की त्या खोलीत काम नावाची गोष्ट उरत नसे.

वर्षाचे सण आम्ही मराठीतच ओळखायचो. नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, आला की गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा शिजायचा आणि त्याच्या वड्या थाळीत थरथरायच्या. दारफाळणीच्या सणाला दिवसभर दार लावून उपास, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बोलणं हळू. दुसऱ्या दिवशी शिळा सण. आणि एका उपासाच्या संध्याकाळी जमिनीवर बसून केळीच्या पानावर वालाचं बिरडं. आजही वाल भिजत घातले की सोलताना नखात जो हिरवट वास राहतो तो मला त्या क्वार्टर्सचा पत्ता सांगतो. ते घर आता नाही. ओळीतली चौतीस घरं पाडली, तिथे गाड्या लावायची जागा आहे. मी गेल्या वर्षी जाऊन आलो. एका गाडीखाली आमच्या न्हाणीची फरशी अजून दिसते.

आता तो पिवळा ताव.

आमच्यात नियम आहे: ज्या कागदावर देवाचं नाव लिहिलंय तो फाटला तरी रद्दीत द्यायचा नाही, जाळायचा नाही. माणसासारखा पुरायचा. क्वार्टर्स सोडायची वेळ आली तेव्हा वडिलांनी जुनी प्रार्थनेची पुस्तकं निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. "नीट बघ," ते म्हणाले, "नाव असेल आणि वाचण्याच्या पलीकडे गेलं असेल ते पोत्यात." मी नीट बघितलं. यादी केली. क्रमांक तेवीस: "वही, हस्तलिखित, पुठ्ठा नाही, कसर लागलेली, पहिल्या पानावर नाव आहे." आईने गाण्यांच्या आधी पहिल्या पानावर आमच्या रोजच्या प्रार्थनेचा, शेमाचा, पाठ हिब्रूत लिहिला होता. मी दुसरं पान उलटलं नाही. नियमाप्रमाणे पहिल्या पानावरच निकाल लागला होता.

रविवारी वडिलांनी आणि आणखी दोघांनी ते पोतं आमच्या दफनभूमीत पुरलं. मीही माती टाकली. तीन मुठी, इतरांसारख्याच.

पुढच्या शुक्रवारी आईने दिवा लावला. रिकाम्या खोलीत खोके बांधलेले, पडदे काढलेले. ती उठली आणि वही शोधायला लागली. "घर सोडायचं गाणं म्हणायचंय," ती म्हणाली. "शेवटच्या शब्बाथला म्हणतात. मला पाठ नाही, वाचून म्हणेन." वाचायला शब्बाथला बंदी नाही. तिने दोन खोके उघडले. मला विचारलं, "माझी वही पाहिलीस का रे?" मी नाही म्हणालो. तोवर मला कळलं होतं. दिवा संपेपर्यंत ती हंडीसमोर बसून राहिली आणि आम्ही ते घर न गाताच सोडलं.

बाकीची एकेचाळीस तिच्या ओठांवर होती. पुढच्या वर्षांत खोबरं किसता किसता, कधी नातवाला थोपटता थोपटता ती म्हणत गेली आणि मी लिहीत गेलो. ती अकरा वर्षांपूर्वी गेली. क्रमांक तेवीसबद्दल मी तिला कधी सांगितलं नाही.

बेचाळिसावं फक्त मिल्का मावशीला पाठ होतं. फोनवर मी कितीदा विचारलं. ती एकच उत्तर द्यायची, "भरल्या घरात ते म्हणत नाहीत. म्हटलं की घर उठतं. माझं घर उठेल तेव्हा ये."

तर तो शुक्रवार.

सात ते आठ माझा वर्ग. संगणकावर पाच चौकोन, त्यात पाच विद्यार्थी, त्यातल्या शोभा अक्का सर्वांत वयस्क. चौसष्ट वर्षांच्या, बसवनगुडीतच दोन रस्ते सोडून राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त. पुण्याची सून आली आणि ती आईशी फोनवर काय बोलते हे कळावं म्हणून मराठी शिकायला लागल्या. आता सगळं कळतं. "सर, कळल्यापासून जास्त त्रास आहे," असं त्या स्वतःच सांगतात. कर्नाटक संगीत त्या चौदा वर्षं शिकल्यात, आणि आईच्या गाण्यांच्या चाली स्वरांत लिहून ठेवण्याचं काम गेली तीन वर्षं त्याच करतात. कोरमंगलाचा एक छोटा गट ती गाणी बसवतोय. शब्द माझे, स्वर अक्कांचे. वर्गात मी पाठांतर उलटं शिकवतो. शेवटची ओळ आधी. ती पक्की झाली की तिच्या आधीची ओळ जोडायची. त्यामुळे म्हणणारा नेहमी माहितीच्या ठिकाणाकडे चाललेला असतो, अंधारात जात नाही. आईने मला शेमा असाच शिकवला होता.

वर्ग संपल्यावर अक्का म्हणाल्या, "सर, दुपारी मीपण येते. रेकॉर्डर आहे, पण चाल मी तिथेच लिहिते. सरी?"

"सरी," मीही कन्नडमध्येच होकार दिला.

नोमीने दोन दिवसांचे कपडे घेतले, कारण दिवा लागल्यावर आम्ही प्रवास करत नाही. शनिवारी तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत मावशीकडेच राहायचं होतं. दोन वाजून वीस मिनिटांनी रिक्षा मिळाली. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही पोहोचलो. बेंगळुरूत एवढं चालतं.

दारात सहा बॅगा उभ्या होत्या. बेनी वजनकाटा घेऊन एकेकीला टांगत होता. "दादा, तेवीस किलो, तेवीस किलो, साडेतेवीस. आईने पाटावरवंटा भरला नाही एवढंच." मग नेहमीचं: "तू काय करणार इथे एकटा? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमत नाहीत. गेलेल्या आईबापांसाठी कद्दिश म्हणायला तुला मुंबईला जावं लागतं. तिकीट काढू का?"

"नऊ जमतात," मी म्हणालो. "तू गेल्यावर आठ."

"मग?"

"मग आठ जण बसू. एकटा मी नाही. हा माझा गाव आहे, बेनी. इथे मी रेशनच्या रांगेत उभा राहिलोय, इथे माझे आईबाप पुरलेत, आणि इथल्या पाच माणसांना माझ्यामुळे 'चमच्या'तला 'च' म्हणता येतो. मला जायचं नाही. आणि पुन्हा विचारू नकोस."

तो हसला आणि चौथी बॅग टांगली.

मिल्का मावशी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. हातात विणकाम नाही, पोथी नाही, नुसती बसली होती. मला असं तिला बघायची सवय नव्हती. मी खुर्ची ओढली, रेकॉर्डर काढला, बटण दाबलं. पावणेचार. दिवा लावायला सव्वासहा. माझ्या हिशेबाने दोन तास तीस मिनिटं होती.

"मावशी, आता म्हण."

"दिवा लागलाय?"

"नाही, पण दिवा लागल्यावर रेकॉर्ड करता येत नाही ना."

"मग नाही करता येत," ती म्हणाली. जणू मी पाऊस पडणार नाही असं काही सांगितलं होतं.

मी समजावलं. नोमीने समजावलं. बेनी बाहेरून ओरडला, "आई, म्हण ना! देव काय घड्याळ लावून बसलाय?"

"तो नाही बसला. मी बसलेय."

मग मी तो उपाय काढला जो मी रात्रभर मनात ठरवून आलो होतो. "सहा वाजताच हे चालू करून ठेवतो. दिवा लागल्यावर कोणी हात लावणार नाही. यंत्र आपलं आपण चालेल. नियम मोडला जात नाही."

मावशीने रेकॉर्डर हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला. "दिवा लागल्यावर माझ्या घरात असलं काही ऐकत राहणार असेल तर माझा गळा बंद."

"मग फ्रिज चालतो तो?" बेनी दारात आला होता.

"फ्रिज ऐकत नाही. आणि तू जास्त बोलू नकोस, तुझा पेला घास."

शोभा अक्का पाच वाजता पोहोचल्या, खांद्यावर पिशवी, पिशवीत स्वरलेखनाची वही आणि दोन पेन्सिली. परिस्थिती कळल्यावर त्या खाली सतरंजीवर मावशीच्या समोर बसल्या. "अम्मा, मी लिहिते ना. मला कुठे शब्बाथ? मला शनिवारी हनुमंताचं देऊळ असतं, एवढंच."

मावशी त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "तुझ्या हाताने आमचा नियम मोडायचा होय? चांगली पाहुणी."

"अय्यो, नाही अम्मा. तारे दिसेपर्यंत मीपण लिहिणार नाही."

"मला माझ्या आईने कसं दिलं हे गाणं? तिने म्हटलं, मी ऐकलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा नाही. पनवेलचं घर सोडत होतो. मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं. तरी राहिलं ना? तुम्ही तिघं एवढी शिकलेली आहात."

हिशेब सोपा होता. नऊ कडवी आहेत हे तिनेच सांगितलं. दोनदा ऐकायला मिळणार. लिहिता येणार नाही, रेकॉर्ड करता येणार नाही. शनिवारी संध्याकाळी तारे दिसेपर्यंत, म्हणजे पंचवीस तास, ते डोक्यात धरून ठेवायचं. विसरलं तर संपलं. रविवारी पहाटे विमान. आणि मावशी तिकडे जाऊन फोनवर म्हणणार नाही, कारण तिथे तिचं नवं घर उभं राहणार.

"नऊ भागिले तीन," नोमी म्हणाली. "पहिली तीन माझी."

"मधली अक्कांची," मी म्हणालो. "शेवटची माझी."

"सर, उलटं पाठांतर?"

"उलटं."

सहा वाजून बारा मिनिटांनी मी रेकॉर्डर बंद केला आणि पिशवीत खाली घातला. अक्कांनी पेन्सिली त्यावर ठेवल्या. मावशीने हंडीत पाणी घेतलं, वर खोबरेल ओतलं. ते पसरताना जो वास आला त्याने मी एका क्षणात भोंग्याच्या आवाजापाशी, भिंतीला टेकलेल्या सायकलपाशी गेलो. पण मावशीने वात लावण्याआधी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ताईची वही कुठे गेली रे? तिने मरेपर्यंत शोधली."

मी बेचाळीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. "हरवली नाही मावशी," मी म्हणालो. "मी पोत्यात घातली. जुन्या पुस्तकांबरोबर. पहिल्या पानावर नाव होतं म्हणून. पुढचं पान उलटलं नाही."

नोमीलाही हे माहीत नव्हतं.

मावशी म्हणाली, "आणि ताईला वाटत होतं तुझ्या बापाने रद्दीवाल्याला दिली. वर्षभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. बिचारा! तो शपथ घ्यायचा, ती म्हणायची खोटी शपथ घेऊ नकोस."

मला ते वर्ष आठवलं. नव्या घरात, बसवनगुडीत, वडील व्हरांड्यात एकटे जेवायचे. मला वाटायचं त्यांना मोकळी हवा आवडते.

"याचा दंड बसेल तुला," मावशी म्हणाली. "पण पैशाचं उद्या तारे दिसल्यावर बोलू. आता पैशाचं बोलत नाहीत." आणि तिने दिवा लावला, डोळ्यांवर हात घेतले.

मग तिने गायलं. आवाज पातळ झाला होता, वरच्या स्वराला तो कापडासारखा विरायचा, पण ती तिथून मागे फिरली नाही. पहिलं कडवं असं:

दिव्यामधी आज, तेल शेवटलं
घर हे भेटलं, पाहुण्यागत

चाल कोकणातल्या जात्यावरच्या ओवीची होती, पण शेवटचा पाय ती प्रार्थनेतल्यासारखा लांबवायची. पुढच्या कडव्यांत ती घराशी एकेका जागी बोलत होती. उंबऱ्याशी:

उंबऱ्या रे बाबा, नको धरू पाय
निघालेली माय, थांबेल का

आणि चुलीशी:

चुलीच्या ग राखे, निवू नको बाई
येणारीची घाई, तुला ठावी

बेनी पेला घासायचा थांबला होता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याचा हात चौकटीवरच्या मेझुझावर होता, ज्यात शेमाचं चर्मपत्र असतं. रविवारी पहाटे तो ते उचकटून नेणार होता.

मावशीने दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा संपल्यावर तिने ओठ मिटले आणि पदर नीट केला. झालं.

त्यानंतरचे पंचवीस तास मी कधी विसरणार नाही, आणि त्यातला विनोद असा की ज्यासाठी ते काढले तेच विसरलो. अक्का साडेसातला रिक्षाने घरी गेल्या. लिफ्टपर्यंत त्या पुटपुटत होत्या. आम्ही किद्दुश केला, पाव मोडला, नोमी आणि मी बॅगांच्या मधल्या गादीवर झोपलो. अंधारात ती आपली तीन म्हणायची, मी माझी तीन म्हणायचो. "तू गप्प बस, माझी पुसतायत," असं दोघांनीही एकमेकांना म्हणून झालं. सकाळी पुन्हा. मी माझी तीन सत्तावीस वेळा म्हटली, मनात मोजून. दुपारी मावशीने उरलेलं नारळाच्या दुधातलं मटण वाढलं, आणि मी जेवून वीस मिनिटं डोळे मिटले.

उठलो तेव्हा सातवं होतं. आठवं होतं. नववं गेलं होतं.

पहिले दोन शब्द होते, "आम्ही गेलो". त्याच्या पुढे भिंत. मी शेवटची ओळ शोधली, कारण उलटं पाठांतर करणाऱ्याने शेवटची ओळ हरवायची नसते. तीच नव्हती. मी गॅलरीत गेलो, परत आलो, पाणी प्यायलो, आठवं म्हणून वेग घेऊन नवव्यावर उडी मारायचा प्रयत्न केला. नाही. चौदाव्या वर्षी मी ते एकदा पुरलं होतं, आता दुसऱ्यांदा.

नोमीने माझा चेहरा बघितला. "कुठलं?"

"नववं. तुला येतं?"

तिने डोळे मिटले, मग मान हलवली. "मी फक्त माझी तीन ऐकली. बाकीची कानावर येऊ दिली नाहीत."

मी मावशीकडे गेलो. तिला काही सांगावं लागलं नाही. "तिसऱ्यांदा नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नाही म्हणजे नाही. मला राग आला. मग राग गेला. ती अडून बसली म्हणूनच गाणं इथवर आलं होतं, हे मला कळत होतं. मी तिच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो.

संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं. तारे दिसेनात, म्हणून वेळ धरली. सात वाजून चार मिनिटांनी बेनीने सब्ज्याची पानं चुरून सर्वांना हुंगायला दिली, मेणबत्ती पेटवली, विझवली. शब्बाथ गेला. मी लगेच वही उघडली. नोमीने पहिली तीन लिहिली. मी सातवं, आठवं लिहिलं. चार, पाच, सहा अक्कांसाठी मोकळी ठेवली. नवव्याचा आकडा घातला, पुढे दोन शब्द लिहिले आणि तिथेच पेन टेकवून बसलो.

साडेसातला घंटा वाजली. शोभा अक्का आत आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, "सर, आधी माझं ऐका, स्वल्प थांबलात तर जाईल." आणि उभ्याउभ्याच त्या गायला लागल्या. चौथं, पाचवं, सहावं. माझं पेन धावत होतं. सहाव्यानंतर मला वाटलं त्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. सातवं. आठवं. मग श्वास घेतला आणि:

आम्ही गेलो तरी, नाव नाही गेलं
दार ज्याने केलं, तोच राखी

चाल नेमकी. मावशीचा वरचा विरणारा स्वरसुद्धा, मात्र अक्कांचा विरला नाही.

"अक्का, तुमची तर मधली तीन होती," नोमी म्हणाली.

"हो. पण तुकडा कसा पाठ करायचा? सुरुवात माहीत नाही, शेवट माहीत नाही, तर मधलं कुठे राहील?" त्यांनी पिशवीतून वही काढली. "रात्रभर म्हटलं. सून विचारते, अत्ते, मराठीत कोणाला शिव्या देताय? मी म्हटलं, शिव्या नाहीत, उंबऱ्याशी बोलते."

मावशी हसायला लागली. हसता हसता तिने अक्कांचा हात धरला आणि सोडला नाही. मग माझ्याकडे वळली. "आता पैशाचं बोलायला हरकत नाही. दंड पाचशे एक. तुझा बाप एक वर्ष व्हरांड्यात जेवला त्याचा."

"कोणाला देऊ? दफनभूमीच्या फंडात?"

"मेलेल्यांना नको. मला नको, मी चालले. जिच्या डोक्यात आख्खं सापडलं तिला दे."

अक्का दोन्ही हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. "नको हं सर. मी तुम्हाला फी देते, तुम्ही मला कसे देणार?"

"घ्या," मी म्हणालो. "दंड आहे. दंड परत घेता येत नाही."

मला पावतीशिवाय पैसे देता येत नाहीत, हे नोमीला पटत नाही आणि बेनीला हसू येतं, पण ते माझं तसंच आहे. अक्कांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर पावती लिहिली. तीन वर्षांत त्यांनी मराठीत लिहिलेला हा पहिला व्यवहाराचा कागद. मी एक अक्षरही सुधारलं नाही.

"मिळाले: रुपये पाचशे एक, रोख. देणार: सर. घेणार: शोभा. कशाबद्दल: पूर्ण गाणं, कडवी नऊ. हे गाणं माझ्याकडे आहे. माझं घर उठेल तेव्हा कोणाला तरी देईन. उठलं नाही तर ज्यांना हवं त्यांनी येऊन मागावं."